खो मिळेपर्यंत : शालेय मुलींचा खेळ आणि संघभावना



लेण्याद्रीचा डोंगर गिरिजात्मजाचे स्थान म्हणून सर्वत्र परिचित आहे. परंतु कुकडीच्या खोऱ्यातील हा कातळ आणखी एक धडा देतो. जुन्नर परिसरातील लेणी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची आहेत आणि त्यांतील शिलालेखांत दात्यांच्या नोंदी आढळतात. अशाच एका लेखात धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दान केल्याचा उल्लेख आहे. तेथे कोणा एका धनिकाचे नाव नाही, नाव आहे ते श्रेणीचे, म्हणजेच समूहाचे. एकट्याच्या आवाक्याबाहेरचे कार्य समूहाने हाती घेतले तर ते किती काळ टिकते, याचे याहून बोलके उदाहरण कोणते असेल?

समूहाच्या याच सामर्थ्याचे शिक्षण शाळेच्या मैदानावर मिळते. आजचा विषय आहे माध्यमिक शाळेतील मुलींचा खेळ आणि त्यातील समर्पण. त्यासाठी आपल्या मातीतला खो-खो हा खेळ उदाहरण म्हणून घेणे उचित ठरेल. १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने या खेळाला नियमांची चौकट दिली. खेळाला दोन खांब, आखलेले मैदान आणि चपळ पाय एवढेच पुरते. महागडे साहित्य लागत नसल्यामुळे तो खेड्यापाड्यांतील मुलींपर्यंत सहज पोहोचला.

या खेळाची रचना मोठी अर्थपूर्ण आहे. पारंपरिक नियमांनुसार पाठलाग करणाऱ्या संघाच्या नऊ जणी मैदानात असतात. त्यांपैकी धावते फक्त एक. उरलेल्या आठ जणी मधल्या पाटीवर, एक इकडे तर दुसरी तिकडे तोंड करून बसतात. धावणारीने एकदा दिशा धरली की खांबापर्यंत पोहोचल्याशिवाय तिला मागे वळता येत नाही आणि मधली पाटीही ओलांडता येत नाही. त्यामुळे ती कितीही वेगवान असली तरी एकटीच्या बळावर तिला डाव जिंकता येत नाही. योग्य क्षणी योग्य सहकारी मैत्रिणीला खो देणे, हेच तिचे खरे कौशल्य होय.

बसलेल्या मुलीची परीक्षा तर त्याहून कठीण. पायाच्या चवड्यांवर भार देऊन, नजर धावणारीवर खिळवून तिला क्षणोक्षणी सज्ज राहावे लागते. खो मिळण्याआधी उठली तर नियमभंग होतो आणि मिळाल्यावर क्षणभर रेंगाळली तर समोरची निसटते. प्रेक्षकांच्या टाळ्या गडी बाद करणारीच्या वाट्याला येतात, परंतु त्या यशामागे आठ जणींची सावध प्रतीक्षा उभी असते. बचाव करणाऱ्यांचेही तसेच आहे. त्या तिघी-तिघींच्या तुकडीने मैदानात उतरतात आणि पहिली तुकडी जितका वेळ तग धरते तितका मागच्या तुकड्यांवरील भार हलका होतो. स्वतःच्या दमछाकीतून दुसरीला विसावा मिळवून देणे, हेच संघभावनेचे मर्म होय.

या गुणांचे मूर्तिमंत उदाहरण महाराष्ट्राला लाभले आहे. सारिका काळे या मूळच्या उस्मानाबादच्या, म्हणजे आताच्या धाराशिवच्या. वयाच्या तेराव्या वर्षी त्या खो-खोकडे वळल्या. घरची स्थिती अत्यंत बिकट होती. आई शिवणकाम करून संसाराला हातभार लावीत असे. कित्येक वर्षे दिवसातून एकच वेळ जेवण मिळाल्याचे आणि चांगला आहार केवळ शिबिरांत व स्पर्धांच्या वेळी लाभल्याचे त्यांनी स्वतः मुलाखतीत सांगितले आहे. २०१६ साली आर्थिक विवंचनेने निराश होऊन त्यांनी खेळ सोडण्याचा विचार केला होता. प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी समजूत घातली, धीर दिला आणि त्या पुन्हा मैदानावर आल्या. त्याच वर्षी दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत खो-खोचा प्रथमच समावेश झाला आणि सारिका काळे यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिला संघाने सुवर्णपदक पटकावले. २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार प्राप्त झाला. खो-खोपटूला हा सन्मान तब्बल २२ वर्षांनंतर मिळाला होता.

पुढे जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्ली येथे पहिली खो-खो विश्वचषक स्पर्धा झाली. महाराष्ट्राच्या प्रियांका इंगळे यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिला संघाने अंतिम सामन्यात नेपाळचा ७८-४० असा पराभव करून विश्वविजेतेपद मिळविले. शाळेच्या पटांगणावर आखलेल्या चुन्याच्या रेषा कोठवर नेऊ शकतात, हे त्या दिवशी जगाने पाहिले.

मात्र सारिका काळे यांच्या जीवनातील निर्णायक क्षण पदकाचा नाही. खेळ सोडण्याच्या उंबरठ्यावर असताना त्यांच्या पाठीशी कोणीतरी उभे होते. आपल्या गावोगावी अशा किती मुली असतील, ज्यांना त्या क्षणी कोणीच खो दिला नाही? आठवी-नववीपर्यंत मन लावून खेळणारी मुलगी दहावीच्या वर्षी मैदानावर दिसेनाशी होते. तिची जिद्द संपलेली नसते. तिच्या मागे बसलेला संघ उठलेला असतो. हा संघ म्हणजे तिचे पालक, शिक्षक आणि समाज.

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत तर अडचणी आणखी निराळ्या आहेत. या भागात उसाचे क्षेत्र मोठे आणि उसाच्या फडांत बिबट्याचा वावर. शाळा सुटल्यावर सराव केला की मळ्यातल्या वस्तीवर परतेपर्यंत अंधारून येते. शासनाने ग्रामीण मुलींना शाळेसाठी एसटीचा मोफत पास दिला खरा, पण सरावासाठी थांबलेल्या मुलीची नेहमीची गाडी निघून गेली तर त्या पासाचा काय उपयोग? अशा वेळी मुलीला घरी बोलावणाऱ्या आईचा काय दोष? तिची काळजी रास्तच आहे. म्हणूनच त्या काळजीचे ओझे एकट्या आईवर राहू नये.

याकरिता फार मोठ्या निधीची आवश्यकता नाही. शाळेने सराव सकाळच्या वेळेत ठेवावा. सायंकाळी थांबणे अपरिहार्य असेल तेथे पालकांनी आळीपाळीने मुलींना वस्तीपर्यंत सोबत करावी. बाजारपेठेतील व्यापारी बांधवांनी एकत्र येऊन संघाचे बूट, गणवेश आणि स्पर्धेच्या गावी जाण्याचा प्रवासखर्च उचलावा.

आहाराकडे लक्ष देणे तर सर्वांत निकडीचे. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते १९ वयोगटातील सुमारे ५९ टक्के मुली रक्तक्षयाने ग्रस्त होत्या. अशा शरीराकडून समर्पणाची अपेक्षा कशी करावी? मोड आलेली मटकी, शेंगदाणे, गूळ, नाचणीची भाकरी हे पदार्थ तर आपल्याच शिवारातले. सरावानंतर मुलींच्या हाती मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा पडला तरी ती उत्तम सुरुवात ठरेल.

खेळामुळे अभ्यास बुडतो, ही शंकाही अनेक पालकांच्या मनात असते. विशिष्ट स्तरावर खेळणाऱ्या विद्यार्थ्यांना दहावी-बारावीच्या परीक्षेत सवलतीचे क्रीडागुण मिळतात आणि गुणवान खेळाडूंसाठी राज्य शासनाच्या सेवेत ५ टक्के आरक्षणाची तरतूद आहे. परंतु प्रत्येक मुलगी राज्य पातळीवर पोहोचणार नाही आणि तशी अपेक्षाही नसावी. तालुक्याच्या पहिल्याच फेरीत हरून परतणारी मुलगीसुद्धा पुष्कळ काही घेऊन येते. चूक झालेल्या मैत्रिणीला न दुखावणे, पंचांचा निर्णय मानणे, स्वतःची वेळ येईपर्यंत सज्ज राहणे आणि वेळ आली की कचरायचे नाही, हे ती शिकते. ही शिदोरी संसारात, व्यवसायात आणि समाजकार्यात आयुष्यभर पुरते.

विद्यार्थिनींनो, मैदानावर ज्या दिवशी तुम्हाला केवळ बसून राहावे लागेल, तो दिवस वाया गेला असे समजू नका. तुमच्या सज्जतेवरच धावणारीचा विश्वास उभा असतो. आणि पालकहो, या मुली आपल्या परीने तयार आहेत. खो देण्याची वेळ आता वडीलधाऱ्यांची आहे.