टेलिफोनचा आंकडा वाटेंत कां हरवतो

एखादा गृहस्थ बँकेला टेलिफोन करतो. पलीकडून मनुष्य बोलत नाहीं, यंत्र बोलतें : ‘खात्याचा क्रमांक दाबा.’ तो एकेक आंकडा जपून दाबतो आणि यंत्र शांतपणें सांगतें, क्रमांक चुकला. पुन्हां दाबावा, तर पुन्हां तेंच उत्तर! त्याचें बोलणें मात्र त्याच टेलिफोनवरून अगदीं स्वच्छ ऐकूं जात असतें. अशा वेळीं तो बिचारा आपल्या बोटांना दोष देतो. पण दोष पुष्कळदां बोटांचा नसतो, वाटेचा असतो.

तबकडीच्या जुन्या टेलिफोनांत आंकडा म्हणजे विजेच्या प्रवाहाचे झटके असत. पांचाला पांच, शून्याला दहा. १९६३ सालीं अमेरिकेंतील पेन्सिल्व्हेनिया संस्थानांत, कार्नेगी व ग्रीन्सबर्ग या गांवीं, बेल कंपनीनें बटणांचा टेलिफोन ग्राहकांना दिला. त्यांतील प्रत्येक बटणाबरोबर दोन सूर एकदम वाजतात. पांचाचें बटण दाबलें कीं सेकंदाला ७७० आणि १३३६ आवर्तनांचे सूर निघतात. मनुष्याच्या बोलण्यांत सहसा सांपडूं नये अशीच ही जोडी मुद्दाम निवडलेली आहे. तांब्याच्या तारेवर ही योजना उत्तम चालली.

पुढें बोलणें इंटरनेटच्या वाटेनें जाऊं लागलें. तेथें दोघांमध्यें अखंड तार नसते. आवाजाचे बहुधा सेकंदाला पन्नास तुकडे करून ते पॅकेटांत, म्हणजे लहान पुडक्यांत, भरून धाडले जातात. जुनी तार आणि हें जाळें जेथें मिळतात, त्या वेशीवर ‘व्हॉइस गेटवे’ नांवाचें यंत्र बसतें. टेलिफोनचा आवाज एरवीं सेकंदाला ६४,००० बिट इतकी जागा खातो. गेटवे तोच आवाज ‘जी. ७२९’ या पद्धतीनें ८,००० बिटांत बसवूं शकतो. ही काटकसर साधते, ती मनुष्याच्या गळ्याची घडण गृहीत धरल्यामुळें. जो सूर गळ्यांतून निघालाच नाहीं, तो त्या सांच्यांतून वेडावांकडा होऊन बाहेर पडतो. कानाला तो चालून जाईल. दोन सूर नेमके मोजणाऱ्या बँकेच्या यंत्राला चालत नाहीं. शिवाय वाटेंत एखादें पुडकें गहाळ झालें, तर एकाच सुराचे दोन तुकडे होतात आणि एका पांचाचे दोन पांच ऐकूं येतात!

यावर शोधलेली तोड मोठी शहाणपणाची आहे. सूर धाडूंच नये, सुराची बातमी धाडावी. गेटवे सूर ओळखतो, आवाजांतून तो काढून टाकतो आणि निरोप लिहितो : पांच दाबलें, इतक्या जोरानें, इतका वेळ. हेनिंग शुल्झरिन व स्कॉट पेट्रॅक यांनीं लिहिलेला या निरोपाचा नियम २००० सालीं प्रसिद्ध झाला व २००६ सालीं सुधारून निघाला. निरोपाचा मजकूर अवघा चार बाइटांचा. बटण दाबलेलें असेपर्यंत तो थोड्या थोड्या अंतरानें जात राहतो आणि शेवटचा निरोप तर तीनदां जातो, म्हणजे एखादा हरवला तरी काम अडूं नये. मग पांचाचे तीन पांच कां होत नाहींत? कारण या सगळ्या पुडक्यांवर आरंभाची एकच वेळ नोंदलेली असते. तीवरून पलीकडचा गेटवे जाणतो कीं ही बातमी एकाच बटणाची. मग तो तेथें कोरा करकरीत सूर नव्यानें वाजवतो.

तरीही एक अडचण उरते. सूर खरा कीं खोटा हें ठरवण्यास गेटवेला क्षणभर वेळ लागतो आणि तेवढ्यांत सुराचें डोकें आवाजाबरोबर पुढें निसटतें. पलीकडे तें डोकेंही ऐकूं आलें आणि निरोपही पोंचला, कीं आंकडा दुप्पट! म्हणून आवाज क्षणभर रोखून धरावा, तर संभाषणांत विलंब शिरतो. एका बाजूनें सुमारें ०.१५ सेकंदापर्यंतचा विलंब बहुतेक संभाषणांस बाधत नाहीं, असें आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचें मार्गदर्शन आहे. हा सारा कारभार त्या मर्यादेंत उरकावा लागतो. आणि उंच पट्टींत बोलणाऱ्या एखाद्या व्यक्तीच्या आवाजांतच यंत्राला बटण ऐकूं आलें, तर तिचा शब्द मध्येंच तुटतो, तो निराळाच!

त्या गृहस्थाच्या बाबतींत मात्र कारण बहुधा याहून साधें असतें. आंकडा सुरानें जावयाचा कीं निरोपानें, हें दोन्ही वेशींवर आधीं ठरावें लागतें. एक गेटवे निरोप धाडतो आणि दुसरा सुराची वाट पाहत बसतो. बोलणें सुरळीत चालतें आणि आंकडे तेवढे नाहींसे होतात. त्यानें कितीही जोरानें बटणें दाबलीं, तरी त्यांत फरक पडत नाहीं. वेशीवरील यंत्राची मांडणी बदलणें हें टेलिफोन कंपनीच्या माणसाचें काम आहे, आणि ‘बोलणें ऐकूं येतें, आंकडे पोंचत नाहींत’ एवढें नेमकें सांगितलें तर त्याचा शोध पुष्कळच सोपा होतो.