भात निम्मा, घाई नको

(मांडवी, रत्नागिरी येथे तरुण-तरुणींसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



संध्याकाळी मांडवीच्या जेटीवर चालायला तुमच्यातले बरेच जण येतात. चांगलंच आहे. पण चालून आल्यावर गोड चहा आणि चार खारी पोटात गेल्या की हिशेब बरोबरीत सुटतो. म्हणून आज ताटाबद्दल बोलू.

"मी तर बारीक आहे," असं म्हणणाऱ्यांनी आधी पुण्याची गोष्ट ऐकावी. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये दोघांचा एकत्र फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. म्हणून भारतीयांसाठी जादा वजनाची रेषा 25 ऐवजी 23 वर धरतात. काट्यापेक्षा टेप बरी: कमर पुरुषाची 90 आणि बाईची 80 सेंटिमीटरच्या आत हवी.

आता आपलं जेवण बघा. सकाळी घावण, दुपारी भात, रात्री तांदळाची भाकरी आणि वर पुन्हा भात. नावं वेगळी, तांदूळ तोच. 100 ग्रॅम शिजलेल्या भातात साधारण 28 ग्रॅम कर्बोदकं असतात. बांगड्यात जवळपास शून्य, आणि प्रथिनं 20 ग्रॅमच्या आसपास. म्हणजे रत्नागिरीत कर्बोदकं कमी करायला बदामाचं पीठ नको, पावडरचे डबे नकोत. मिरकरवाड्याला उतरणारा बांगडा नि तारली पुरे. भाकरी किंवा भात, दोन्हीतलं एकच, तेही निम्मं; उरलेल्या जागी मासा, भाजी, काकडी. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा अंडी, चिकन. सुक्या म्हावऱ्यात मीठ फार, बीपी असेल तर बेतानं.

पहिल्या आठवड्यात दीड-दोन किलो उतरतं आणि मुलं ग्रुपवर फोटो टाकतात. ते बहुतेक पाणी असतं. शरीरात साठवलेल्या साखरेबरोबर, म्हणजे ग्लायकोजेनबरोबर, पाणी धरलेलं असतं. साठा संपला की ते निघून जातं. मग काटा हळू होतो आणि तिसऱ्या आठवड्यात मंडळी पुन्हा बिर्याणीवर येतात. आठवड्याला अर्धा किलो उतरला तरी पुष्कळ. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाने 609 जणांवर वर्षभर केलेला अभ्यास 2018 मध्ये आला. कमी कर्बोदकं खाणाऱ्यांचं वजन सरासरी 6 किलो उतरलं, कमी चरबी खाणाऱ्यांचं 5.3. फरक नगण्य. तेव्हा हा काही मंत्र नाही. आपल्या घरात वर्षभर निभेल तो आहार खरा.

आणि घर म्हटलं की मला जरा कडक बोलायचं आहे. मुलगा डाएट करतो म्हणजे काय करतो? त्याच्या ताटात माशाच्या दोन तुकड्या जास्त पडतात. त्या कुठून आल्या? सगळ्यांचं झाल्यावर अम्मी जेवायला बसते, तेव्हा तिच्यासमोर भात आणि नुसतं कालवण उरलेलं असतं. साखर तिची वाढलेली, आणि तांदूळही तिच्याच वाट्याला! मासे आणताना माणशी मोजून आणा, वाढताना तिचं ताट आधी वाढा. वेगळा डबा हवा असेल तर अंडी स्वतः उकडा. मुलींना "बघायला येणार आहेत, जेवण कमी कर" असं सांगणाऱ्यांनाही थांबवा. उपाशी ठेवणं हा आहार नव्हे.

रमजानमध्ये इफ्तारीला खजूर आणि पाणी घ्या. शरबत आणि भजी मात्र रोज नको. सेहरीला अंडी किंवा दही असेल तर भूक उशिरा लागते.

एक गोष्ट नीट ऐका आणि घरी सांगा. जे इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेतात त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय भात तोडू नये. औषध तेवढंच आणि भात एकदम कमी, तर साखर धोकादायक उतरू शकते. काही नव्या गोळ्यांवर रक्तात आम्ल वाढण्याचाही धोका असतो. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी आणि गरोदर बायांनीही आधी विचारावं. अम्मी-अब्बांच्या गोळ्यांची नावं आज मोबाइलमध्ये लिहून ठेवा, पुढच्या तपासणीला दाखवा.

टेप मी आणली आहे. ज्यांना कमर मोजायची आहे त्यांनी पुढे या, तोवर बाकीच्यांनी प्रश्न विचारा.