घोट्यावरची पट्टी आणि पायाचे स्नायू

पाय मुरगळतो तो बहुतेक वेळा आतल्या बाजूला. तळवा आत वळतो, अंगाचे सगळे वजन पावलाच्या बाहेरच्या कडेवर येते आणि बाहेरच्या घोट्यापुढचे छोटेसे लिगामेंट ताणले जाते, कधी फाटतेही. हे टाळण्यासाठी खेळाडू झिंक ऑक्साइडची न ताणणारी चिकटपट्टी बांधून मैदानात उतरतात. पाऊल नडगीशी काटकोनात धरायचे, पोटरीच्या खाली एक आडवा वेढा द्यायचा, मग आतल्या बाजूने टाचेखालून बाहेर, वर ओढत रिकिबीसारख्या दोन-तीन पट्ट्या लावायच्या आणि शेवटी टाच दोन्हीकडून जखडायची, अशी ही बांधणी.

अशी बांधलेली पट्टी घट्ट राहते किती वेळ? 1962 साली अमेरिकेत रॅरिक आणि सहकाऱ्यांनी हे मोजले. दहा मिनिटांच्या जोरदार व्यायामात पट्टीचा सुमारे 40 टक्के आधार गेलेला होता. घामाने गोंद सुटतो, कातडी सरकते. तरीही 1973 साली प्रसिद्ध झालेल्या बास्केटबॉल खेळाडूंच्या अभ्यासात पट्टी बांधलेल्यांचे घोटे कमी मुरगळल्याचे दिसले. पट्टी सैल होते आणि तरी उपयोगी पडते, म्हणून संशोधकांचे लक्ष स्नायूंकडे वळले.

यातला मुख्य स्नायू पेरोनियस लाँगस. तो नडगीच्या बाहेरच्या अंगाला असतो. त्याचा कंडरा बाहेरच्या घोट्यामागून वळून तळव्याखाली जातो. आत वळणारे पाऊल बाहेर खेचणे हे त्याचे काम. अडचण वेळेची आहे. पाऊल अचानक कलले की या स्नायूला जागे व्हायला साधारण 60 ते 90 मिलिसेकंद लागतात, आणि वेगात धावताना घोटा तेवढ्यात धोक्याच्या कोनात पोचलेला असू शकतो. म्हणून पाऊल जमिनीला टेकण्याआधीच हा स्नायू किती ताणून तयार आहे, याला खरे महत्त्व.

हे तपासण्यासाठी पायावरचे केस काढून, कातडी पुसून तिच्यावर इलेक्ट्रोड चिकटवतात आणि चालता-धावताना स्नायूतले विद्युत संकेत टिपतात. हाती आलेले निष्कर्ष एकसारखे नाहीत. काही प्रयोगांत पट्टीमुळे पेरोनियसची सक्रियता घटलेली दिसली, काहींत फरकच पडला नाही. बांधणी, वेग आणि खेळाडूचा घोटा पूर्वी मुरगळला होता की नाही, यांवर बरेच अवलंबून असते. पट्टीने पाऊल आत आणि खाली वळण्याची मुभा कमी होते, एवढे मात्र पक्के. तेव्हा पाऊल टेकते तेच अधिक सरळ, आणि कातडीवरच्या ओढीमुळे घोट्याची स्थिती मेंदूला अधिक चांगली जाणवत असावी, असा कयास आहे.

पट्टीने स्नायू आळशी होतात, ही भीती मैदानावर नेहमी ऐकू येते. ती अतिरंजित दिसते: निरोगी व्यक्तींनी आठ आठवडे घोट्याला पट्टीसारखाच आधार देणारा ब्रेस वापरूनही पेरोनियसची प्रतिक्रिया मंदावली नाही.

पट्टीचा सर्वाधिक लाभ ज्यांचा घोटा आधी मुरगळला आहे त्यांना होतो. अशांनी खेळण्याआधी ती बांधावी, खेळ संपताच काढावी आणि एका पायावर तोल सांभाळण्याचा व्यायाम रोज, अनवाणी आणि पट्टीविना करावा.