हिमनद्यांचा जमाखर्च

(परळ-भोईवाडा येथील रहिवाशांच्या सभेत एका माहिती अधिकाऱ्याने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



हिमालयातील बर्फाचे मोजमाप हा विषय भोईवाड्यात कशासाठी, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. या वस्तीला ओळख आहे ती पावसाच्या आणि भरतीच्या पाण्याची. हिंदमाता चौकात पाणी केव्हा चढते आणि ओहोटी लागल्यावर केव्हा उतरते, हे येथल्या शाळकरी मुलालाही सांगता येईल. परंतु अक्षय्य तृतीयेनंतर याच चाळींतून आणि इमारतींतून केदारनाथ-बदरीनाथाच्या वाटेला लागणारी मंडळी थोडी नाहीत. अमरनाथला आणि लेह-लडाखला जाणारे तरुण वेगळेच. ही सारी मंडळी ज्या नद्यांच्या काठाने चालतात, त्यांचा स्वभाव आपल्या नद्यांहून निराळा आहे.

आपली गोदावरी, कृष्णा, भीमा या पावसावर जगणाऱ्या नद्या. पंढरपुरास भीमेलाच आपण चंद्रभागा म्हणतो. हिमाचल प्रदेशातही एक चंद्रभागा आहे. लाहौलमधील तांदी येथे चंद्रा आणि भागा यांचा संगम होतो, आणि तीच नदी पुढे चिनाब या नावाने वाहते. तिला उन्हाळ्यात पाणी पुरविते ते वितळणारे हिम आणि हिमनद्या. नवलाची गोष्ट अशी की, या चंद्रेच्या खोऱ्यातील काही हिमनद्यांचा हिशेब ठेवणारी संस्था आहे आपल्या शेजारी, गोव्यात, समुद्रकिनारी! वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र ही ती संस्था. १९९८ मध्ये स्थापन झालेले हे केंद्र भारताच्या अंटार्क्टिका मोहिमांसाठी प्रसिद्ध आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये या केंद्राने लाहौल-स्पितीच्या दुर्गम भागात, सुमारे १३,५०० फूट उंचीवर, 'हिमांश' नावाचे संशोधन स्थानक सुरू केले.

तेथे नेमके काय केले जाते? हिमनदी म्हणजे बचत खाते समजा. हिवाळ्यात हिम पडते ती जमा, उन्हाळ्यात वितळते तो खर्च. जमा अधिक असेल तर हिमनदी पुष्ट होते, खर्च वाढला की ती खंगते. हा जमाखर्च मांडण्याचे मुख्य साधन पाहिल्यास आपणास हसू येईल. ते आहे बांबूची काठी. वाफेच्या यंत्राने बर्फात कित्येक मीटर खोल भोके पाडून त्यांत बांबू रोवतात. पुढील वर्षी त्याच जागी जाऊन बांबू बर्फाबाहेर किती अधिक उघडा पडला, ते मोजतात. दीड मीटर उघडा पडला, तर त्या जागी तेवढ्या जाडीचा बर्फ गेला. वरच्या भागात, जेथे हिम साचते, तेथे खड्डा खणून थराची जाडी मोजतात आणि ठरावीक आकारमानाच्या हिमाचे वजन करतात. ताजे भुसभुशीत हिम आणि जुने दबलेले हिम यांत पाण्याचा अंश फार वेगळा असतो. नुसती जाडी मोजून हिशेब जुळत नाही. याखेरीज स्वयंचलित हवामान-यंत्रे, बर्फाची खोली जोखणारे रडार आणि हिमनदीच्या तोंडातून निघणाऱ्या प्रवाहाचे मापक ही साधने आहेतच. पण विरळ हवेत ओझे वाहून त्याच बांबूपाशी दरवर्षी पोहोचणारा माणूस, हाच या शास्त्राचा आधार होय, असे माझ्यासारख्या कलाशाखेच्या पदवीधरास वाटते.

हिमालयातील पुष्कळ हिमनद्यांचा खालचा भाग दगडधोंड्यांनी झाकलेला असतो. जाड आच्छादनाखाली बर्फ सावकाश वितळतो, मात्र धुळीचा आणि काजळीचा पातळ थर ऊन शोषून वितळणे वाढवितो. म्हणून शेजारी शेजारी असलेल्या दोन हिमनद्या सारख्या वेगाने आटत नाहीत, आणि एकीवरून दुसरीचा अंदाज बांधणे धोक्याचे ठरते.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १९७४ मध्ये हिमाचलातील गारा हिमनदीवर असे मोजमाप सुरू केले. छोटा शिगरी हिमनदीची नोंद २००२ पासून चालू आहे. आपल्या देशातील हिमनद्यांची संख्या मात्र या सर्वेक्षणाच्या सूचीप्रमाणे ९,५७५ आहे! प्रत्यक्ष पायी जाऊन वर्षानुवर्षे मोजलेल्या त्यांपैकी मूठभरच. बाकीच्यांसाठी उपग्रहांचे साहाय्य घ्यावे लागते. डॉ. अनिल कुलकर्णी व त्यांच्या सहकाऱ्यांनी उपग्रहचित्रांवरून चिनाब, पार्वती आणि बास्पा खोऱ्यांतील ४६६ हिमनद्यांचा अभ्यास करून २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९६२ मध्ये २,०७७ चौरस किलोमीटर असलेले त्यांचे क्षेत्र १,६२८ वर आले होते. शंभरातील एकवीस भाग चाळीसएक वर्षांत गेले. पुढे हा वेग वाढला. काठमांडू येथील आंतरराष्ट्रीय एकात्मिक पर्वत विकास केंद्राच्या २०२३ च्या अहवालानुसार, २०११ ते २०२० या दशकात हिंदुकुश-हिमालयातील बर्फाची घट आधीच्या दशकापेक्षा ६५ टक्क्यांनी अधिक वेगाने झाली.

मुंबईकरास अखंड नोंदीचे मोल सांगावयास नको. कुलाबा वेधशाळा १८२६ ची. अपोलो बंदरावरील समुद्रपातळीची नोंद १८७८ पासूनची. आपला समुद्र चढतो आहे हे आज ठामपणे म्हणता येते, ते त्या वेळी कोणी तरी रोजची उंची लिहून ठेवली म्हणून. हिमालयातील आपल्या वह्या त्या मानाने फारच कोवळ्या आहेत.

आता धोक्याकडे वळू. हिमनदी मागे सरते तेव्हा तिने लोटून आणलेल्या दगडमातीचा बांध तसाच राहतो आणि त्यामागे पाणी साचते. केदारनाथच्या वर चोराबारी हे असेच सरोवर होते. जून २०१३ मध्ये त्या परिसरातील, डेहराडूनच्या वाडिया संस्थेच्या यंत्रावर चोवीस तासांत ३२५ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तो सोसलेल्या आपणास हा आकडा लहान वाटेल. परंतु तेथे हा पाऊस साचलेल्या हिमावर आणि सैल दगडमातीवर पडला. १७ जूनच्या सकाळी बांध फुटला. त्या जलप्रलयात हजारो माणसे गेली.

सिक्कीममधील दक्षिण ल्होनाक सरोवराचा धोका शास्त्रज्ञांनी अनेक वर्षे आधी दाखविला होता. २०१६ मध्ये तेथील पाणी नळांवाटे उतरविण्याचा प्रयत्नही झाला. सप्टेंबर २०२३ मध्ये पूर्वसूचना यंत्रणेची पहिली उपकरणे बसली, आणि ती यंत्रणा पुरी होण्याआधीच ऑक्टोबरच्या आरंभी सरोवर फुटले. चुंगथांगचे धरण वाहून गेले. धोका ठाऊक असणे आणि गावात भोंगा वाजणे, यांत एवढे अंतर पडते.

भारतीय अवकाश संशोधन संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या माहितीनुसार, भारतीय हिमालयाच्या नदीखोऱ्यांत दहा हेक्टरांहून मोठी २,४३१ सरोवरे असून त्यांतील ६७६ सरोवरे १९८४ पासून विस्तारली आहेत. पैकी १३० आपल्या हद्दीत आहेत. हिमाचलातील घेपांग घाट सरोवर १९८९ मध्ये ३६ हेक्टर होते, ते २०२२ मध्ये १०१ हेक्टर झाले. केंद्र शासनाने २०२४ मध्ये चार हिमालयीन राज्यांसाठी दीडशे कोटी रुपयांचा सरोवर-धोका निवारण कार्यक्रम मंजूर केला आहे.

तथापि सर्व संकटे सरोवरांतून येत नाहीत. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी चमोलीत रोंटी शिखराचा सुमारे २ कोटी ७० लाख घनमीटर खडक आणि बर्फ कोसळला. तेथे सरोवर नव्हते, तरी दोनशेहून अधिक माणसे मृत वा बेपत्ता झाली. सियाचेनवर फेब्रुवारी २०१६ मध्ये हिमाखाली गाडल्या गेलेल्या दहा जवानांत आपल्या सातारा जिल्ह्याचा एक जवान होता. अशी संकटे एका सरोवरावर डोळा ठेवून कळणारी नव्हेत. त्यासाठी उतारांवरही नजर हवी, आणि हे काम कितीतरी अवघड आहे.

यात्रेला निघणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो. यात्रेची अधिकृत नोंदणी टाळू नका, कारण ऑगस्ट २०२५ मध्ये धराली येथे पूर आला तेव्हा महाराष्ट्रातील अनेक पर्यटक त्या भागात अडकले होते, आणि अशा वेळी शोध सुरू होतो तो नावांच्या यादीवरून. आपल्या प्रवासाचा कार्यक्रम घरी लिहून ठेवा. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे 'सचेत' हे ॲप मोबाईलवर घेऊन ठेवा. आपल्या राज्याच्या आपत्कालीन केंद्राचा दूरध्वनी १०७० आहे, तो घरच्यांजवळ असू द्या. हिमनदीतून येणारा ओढा पहाटे शांत असतो आणि उन्हाने बर्फ वितळल्यावर दुपारनंतर फुगतो. तेव्हा तो ओलांडणे असेल तर सकाळीच ओलांडावा, आणि मुक्काम त्याच्या पात्रालगत करू नये.