अंगठीवरील लातिन वचन



ज्युबिलीच्या ह्या मंगल प्रसंगी साकीनाक्याच्या तरुण मंडळींपुढे एक लहानसाच विषय मांडण्याची आमची इच्छा आहे. वाङ्‌निश्चयाच्या अंगठीत आतील बाजूस प्रेमाचे एखादे वचन लातिन भाषेत कोरून घ्यावे, अशी हौस पुष्कळांस असते. ही हौस निंद्य नव्हे. ज्या भाषेत आपल्या वाडवडिलांनी पिढ्यानुपिढ्या मिस्सा ऐकली, तिच्याविषयी आपुलकी वाटणे स्वाभाविकच होय. परंतु वचन म्हणजे केवळ नक्षी नव्हे. सोन्यात कोरलेला शब्द काय बोलतो, हे ती अंगठी घालणाऱ्यास ठाऊक असलेच पाहिजे.

उदाहरणादाखल 'मी तुला कधीही सोडणार नाही' हे साधे वाक्य घेऊ. लातिनमध्ये ते तीनच शब्दांत बसते: 'नुंक्वाम् ते देसेराम्'. येथे 'नुंक्वाम्' ह्या एकाच शब्दात 'कधीही' आणि 'नाही' हे दोन्ही सामावले आहेत. आपल्या मराठी वळणाप्रमाणे नकार वेगळा हवा असे समजून कोणी त्याच्या आधी 'नोन्' जोडले, तर 'नोन्नुंक्वाम्' म्हणजे 'कधी कधी' असा शब्द होतो, आणि वचनाचा अर्थ होतो 'मी तुला अधूनमधून सोडीन'! एका अक्षराने आयुष्याची शपथ उलटी फिरते. म्हणून सोनाराकडे जाण्यापूर्वी जाणत्या मनुष्यास विचारावे, हे बरे.

दुसरे वचन पाहा: 'तेकुम् सेंपेर् एरो', म्हणजे 'तुझ्यासह मी सदैव असेन'. 'तेकुम्' ह्या शब्दात 'सह' हा अर्थ 'तू'च्या मागून जोडला आहे, जसा आपण 'तुझ्यासह' म्हणतो तसाच. शिवाय 'एरो' हे क्रियापद वर आणि वधू ह्या दोघांसही सारखेच चालते. दोन अंगठ्यांवर एकच वचन शोभेल.

आता काळाचा प्रश्न. 'एरो' हा भविष्यकाळ आहे, आणि ख्रिस्तसभेच्या कायद्याने ह्या भेदास पूर्वीपासून मोठे महत्त्व दिले. भविष्यकाळातील शब्दांनी वाङ्‌निश्चय होई. वर्तमानकाळातील शब्दांनी विवाह. गुप्त विवाहांमुळे पुढे अनर्थ माजला, तेव्हा त्रेंतच्या धर्मपरिषदेने १५६३ साली धर्मगुरू आणि किमान दोन साक्षीदार ह्यांची उपस्थिती आवश्यक ठरविली. 'देईन' आणि 'देतो' ह्यांतील अंतर असे संसाराएवढे मोठे आहे.

ह्याहूनही विचार करण्याजोगी गोष्ट पुढे आहे. १६१४ सालच्या रोमन विधिग्रंथाची भाषा लातिन. तरीही वर व वधू ह्यांस संमती विचारावी ती लोकभाषेत, अशी त्याची आज्ञा होती. कारण विवाह घडतो तो उभयतांच्या संमतीने, आणि न समजलेल्या शब्दास संमती देता येत नाही. लातिनमध्ये शिकलेल्या फादर थॉमस स्टीफन्स ह्यांनी १६१६ साली आपले 'क्रिस्तपुराण' मराठीत प्रसिद्ध केले, त्यामागेही हीच दृष्टी होती: लोकांच्या अंतःकरणास पोहोचायचे तर लोकांच्याच भाषेतून. पुढे व्हॅटिकनच्या दुसऱ्या धर्मपरिषदेने १९६३ साली उपासनेत मातृभाषेस वाट मोकळी केली.

तेव्हा प्रिय तरुणांनो, अंगठीवर लातिन अवश्य कोरा; मात्र शुद्ध कोरा, आणि त्याचा अर्थ एकमेकांस आपल्या मराठीत आधी सांगा. अंगठी झिजेल, अक्षरे पुसट होतील. दुखण्यात, टंचाईत, रागाच्या दिवशी आठवेल ते आपण समजून उच्चारलेले वचनच. आपल्या धर्मग्रामातील प्रत्येक घरी असे वचन दिले जावो व पाळले जावो, हीच परमेश्वरचरणी आमची प्रार्थना.