वासाचे स्मारक



वसंताच्या दिवसांत, दिवसभराच्या उन्हानंतर जरा गार वाऱ्याला म्हणून आपण येथे जमता, आणि अशा वेळी आम्ही दुःखाचा विषय घेऊन उभे राहतो, याचे कोणाला नवल वाटेल. पण हेच दिवस परीक्षा संपून मुले मोकळी सुटण्याचे. कोणी गडावर जातो, कोणी नदीत उतरतो, कोणी समुद्रावर जातो. आणि वर्तमानपत्र वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे की, दर वर्षी त्यांतला एखादा परत येत नाही. मग सारे गाव हळहळते. शाळा एक दिवस बंद राहते, भिंतीवर एक तसबीर लागते, तिला हार पडतो. एखादे पारितोषिक ठेवले जाते. यांत खोटे काही नसते. रडणारे डोळे खरेच रडत असतात. तरीपण आमच्या मनात एक प्रश्न पुष्कळ दिवस घोळत आहे. गेलेल्या मुलाची आठवण ठेवणे म्हणजे नेमके काय करणे? या प्रश्नाचा विचार करण्यासाठी आम्ही आपणांस एका दूरच्या गावाची हकीकत सांगणार आहोत. गाव दूरचे असले, तरी त्या हकीकतीचा शेवट आपणा प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात आहे.

अमेरिकेच्या टेक्सस राज्यात पूर्वेकडे न्यू लंडन नावाचे एक लहानसे गाव आहे. १९३० साली त्या मुलखात जमिनीखाली तेल सापडले आणि कापूस, मका पिकवणाऱ्या त्या भागाचा कायापालट झाला. साऱ्या जगात मंदी असताना येथे मात्र पैसा खेळू लागला. नव्या पैशातून गावाने प्रथम काय केले? शाळा बांधली. पोलादी सांगाड्याची, त्या काळच्या सुमारे दहा लक्ष डॉलर खर्चाची ती इमारत होती. ज्या गावाला संपत्ती मिळताच शाळा सुचते, ते गाव वाईट कसे म्हणावे? हे आम्ही आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे घडले ते दुष्ट माणसांच्या हातून घडलेले नाही.

इमारत उबदार ठेवण्यासाठी शाळेने वायूवर चालणाऱ्या ७२ शेगड्या बसवल्या होत्या. वायू विकत घेतला जाई. तेलविहिरींतून तेलाबरोबर निघणारा वायू मात्र त्या मुलखात निरुपयोगी समजला जाई आणि तो नुसता जाळून टाकीत. तो ज्या नळांतून वाहून नेत, त्या नळांना परस्पर जोड देऊन घरे, दुकाने, देवळे तो फुकट वापरीत. तेलकंपन्या तिकडे काणाडोळा करीत. १९३७ च्या आरंभी शाळेनेही तेच केले. महिन्याला सुमारे तीनशे डॉलरांची बचत होणार होती. जळून वाया जाणारी वस्तू शाळेच्या उपयोगी पडली तर बिघडले कोठे? आपल्यापैकी कोणीही त्या कार्यकारी मंडळात असता, तर कदाचित याच ठरावाला हात वर केला असता.

पण या वायूला रंग नव्हता आणि वासही नव्हता. कोठेतरी जोड सैल झाला. इमारतीखाली तिच्या लांबीभर एक बंद पोकळी होती, तीत वायू साठू लागला. काही दिवस मुले डोके दुखते, डोळे चुरचुरतात, अशा तक्रारी करीत होती. त्यांकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. वास नाही, धूर नाही, मग मुलांचे डोके दुखण्याला कोण काय अर्थ लावणार?

१८ मार्च १९३७, गुरुवार. दुपारचे तीन वाजून गेले होते. लहान वर्गांतली मुले घरी गेली होती. मोठ्या वर्गांची मुले, सुमारे पाचशे, अजून इमारतीत होती. शेजारी व्यायामशाळेची वेगळी इमारत होती, तेथे पालकांची सभा भरली होती आणि तीत मुख्यतः आया होत्या. सुतारकामाच्या शिक्षकाने लाकूड घासण्याचे विजेचे यंत्र सुरू केले. त्याची ठिणगी पडली असावी, असे चौकशीत निघाले. भिंती फुगल्या, छप्पर वर उचलले गेले आणि सारी इमारत खाली बसली. दोन टनांची काँक्रीटची लादी उडून दोनशे फुटांवर उभ्या असलेल्या मोटारीवर पडली, यावरून त्या धक्क्याची कल्पना येईल. शेजारच्या सभेतल्या आया बाहेर धावल्या, तेव्हा समोर शाळा नव्हती.

तेलविहिरींवरचे कामगार आपली अवजड यंत्रे घेऊन धावत आले. त्यांतल्या पुष्कळांची मुले त्याच ढिगाऱ्याखाली होती. रात्र झाली, पाऊस आला, तरी त्यांचे हात थांबले नाहीत. सतरा तासांत त्यांनी सारा ढिगारा उपसला. जवळच्या टायलर गावी एका नव्या इस्पितळाचे उद्घाटन दुसऱ्या दिवशी व्हावयाचे होते. समारंभ बाजूला ठेवून त्याचे दरवाजे त्याच दिवशी उघडले. गेलेल्यांची संख्या तीनशेच्या घरात जाते. नेमका आकडा कोणीच सांगू शकले नाही, कारण तेलाच्या कामासाठी परगावाहून आलेली कित्येक कुटुंबे आपापल्या मुलांचे देह घेऊन मूळ गावी निघून गेली. शाळेच्या प्रमुखाचा स्वतःचा मुलगाही त्यांत होता.

श्रोतेहो, तीनशे हा आकडा मनाला भिडत नाही, तो नुसता कानावरून जातो. म्हणून आम्ही आपणांस त्यांतल्या एकाच मुलाकडे पाहावयास सांगतो. त्याचे नाव आम्ही सांगत नाही. त्याची ओळख चेहऱ्यावरून पटेना. शेवटी त्याच्या विजारीच्या खिशात भोवऱ्याची दोरी सापडली आणि तिच्यावरून घरच्यांनी त्याला ओळखले. आपल्याकडची मुले या दोरीला जाळी म्हणतात. शाळा सुटली की भोवरा फिरवायचा, म्हणून ती त्याने खिशात घातली असेल. आपल्या घरात धुवायला टाकलेल्या कपड्यांचे खिसे चाचपताना आईच्या हाताला जे लागते, तेच. विद्यार्थी म्हणजे हजेरीपटावरचा क्रमांक नव्हे, खिशात भोवऱ्याची जाळी असलेला जीव तो. पुढे मोठ्या नावारूपास आलेला वॉल्टर क्रॉन्काइट हा वार्ताहर तेव्हा अगदी तरुण होता आणि तेथे बातमीसाठी गेला होता. नंतर त्याने महायुद्ध पाहिले, पण न्यू लंडनच्या तोडीची बातमी आपल्या वाट्याला पुन्हा आली नाही, असे तो उतारवयात सांगे.

आता त्या गावाने या मुलांची आठवण कशी ठेवली? तिची दोन रूपे झाली, आणि आजच्या व्याख्यानाचा गाभा हाच आहे.

पहिले रूप दगडाचे आणि मौनाचे. शाळा पुन्हा उभी राहिली. तिच्यासमोर रस्त्याच्या मधोमध ग्रॅनाइटचा उंच स्तंभ उभारला. मुले शिक्षकांना भेटी देत आहेत, गृहपाठ दाखवीत आहेत, असे शिल्प त्यावर कोरले. आणि मग गाव गप्प झाले. घरोघर कोणी ना कोणी गेलेले, मग कोणी कोणाला विचारावे? वाचलेल्यांना आपण वाचलो याचेच ओझे झाले. वाचलेल्यांचा पहिला मेळावा भरला तो १९७७ साली, म्हणजे चाळीस वर्षांनी. पुढे शाळेसमोरच एक संग्रहालयही झाले. दुःखाला वाचा फुटण्यास एवढा काळ लागला, म्हणून आम्ही त्या गावाला नावे ठेवणार नाही. ज्याचे जळते त्याला कळते.

दुसरे रूप मात्र मौन पाळून बसले नाही. चौकशीत आढळून आले की, वायूला वास असता तर मुलांनी आणि शिक्षकांनी धोका वेळीच ओळखला असता. काही आठवड्यांतच टेक्सस राज्याने कायदा केला, की जाळण्यासाठी पुरवल्या जाणाऱ्या वायूत उग्र वासाचे द्रव्य मिसळलेच पाहिजे. पुढे इतर राज्यांनी आणि देशांनीही तोच पायंडा पाडला. याच वर्षी अभियंत्यांच्या नोंदणीचा कायदाही त्या राज्यात झाला, म्हणजे अशी कामे जाणकाराखेरीज कोणी करू नयेत.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. वायूला वास देण्याची युक्ती त्या वेळी नवी नव्हती. जर्मनीत १८८० च्या दशकातच ती करून पाहिली होती. ज्ञान होते, साधन होते आणि खर्चही फार नव्हता. नव्हती ती फक्त सक्ती. पन्नास वर्षे माहीत असलेली गोष्ट अमलात येण्यास तीनशे जीव जावे लागले. मनुष्यजातीचा हा स्वभाव सुखाचा नाही, पण तो आहे.

आपल्या घरातल्या सिलिंडरमध्ये जो वायू असतो, त्याला स्वतःचा म्हणण्यासारखा वास नसतो. कुजलेल्या कोबीसारखा जो वास आपणांस येतो, तो एथिल मरकॅप्टन या द्रव्याचा. ते मुद्दाम मिसळलेले असते, आणि वायू पेट घेण्याइतका साठण्याच्या पुष्कळ आधीच आपल्या नाकाला त्याचा वास जाणवतो. आता नळाने घरोघर येणाऱ्या वायूतही असे द्रव्य घालतात. रात्री वास आला की घरातली बाई सिलिंडर बंद करते, खिडक्या उघडते आणि विजेच्या बटणाला हात लावू देत नाही. ठिणगी पडू नये एवढे तिला ठाऊक असते. ही ठिणगी पूर्वी कोठे पडली होती, हे तिला ठाऊक नसते. त्या भोवऱ्याच्या मुलाचे नाव तिने कधी ऐकलेले नाही. पण तिची मुले सकाळी उठून शाळेत जातात. आमच्या मते त्या मुलाचे याहून मोठे स्मारक जगात नाही.

आपल्या देशातही हे उदाहरण आहे. तामिळनाडूतल्या कुंभकोणम येथे १६ जुलै २००४ रोजी शाळेला आग लागली. दुपारचे जेवण शिजवण्याच्या जागेचे छप्पर झावळ्यांचे होते. तेथून ज्वाला वर्गांवरच्या छपरापर्यंत गेल्या आणि ९४ मुले गेली. त्यांचे आईबाप आजही त्या तारखेला मुलांच्या तसबिरी घेऊन जमतात. त्या आगीनंतर सर्वोच्च न्यायालयात अर्ज झाला आणि २००९ साली न्यायालयाने निर्णय दिला, की शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क येतोच. शाळांनी अग्निशमनाची साधने ठेवावीत, शिक्षकांना त्यांचे शिक्षण द्यावे, इमारती तपासून घ्याव्यात, असे त्यात सांगितले आहे. परंतु न्यू लंडनचा वास आपोआप दरवळतो. न्यायालयाचा निर्णय दरवळत नाही. त्याला माणसे लागतात.

म्हणून आमचे सांगणे थोडक्यात असे आहे. आपल्या गावातल्या गेलेल्या विद्यार्थ्याची पुण्यतिथी अवश्य करावी, हार घालावा, पारितोषिकही द्यावे. पण त्याच दिवशी पालकांनी आणि शिक्षकांनी मिळून सबंध शाळेतून एक फेरी मारावी. जिन्याचा कठडा हलवून पाहावा. पोषण आहाराच्या खोलीतली नळी कधी बदलली ते विचारावे. लोंबणाऱ्या तारा, कुलूप घातलेले मागचे दार, मुले कोंबलेली बस, हे पाहावे. सहल जाणार असेल, तर पाण्यात कोण उतरणार आणि काठावर कोण उभे राहणार, हे निघण्यापूर्वी ठरवावे. आढळेल ते वहीत लिहावे आणि पुढच्या पुण्यतिथीला तीच वही प्रथम उघडावी. आणि मुलाने डोके दुखते म्हटले, तर ते एकदा तरी खरे धरावे.

या साऱ्याने गेलेले मूल परत येत नाही. ज्या आईच्या हाती भोवऱ्याची जाळी तेवढी उरली, तिला सांगण्याजोगे शब्द आमच्यापाशी नाहीत, आणि ज्यांच्यापाशी असतील त्यांचा आम्हांस हेवाही नाही. पण तिच्या शेजारच्या घरातले मूल संध्याकाळी घरी परत येणे, हे आपल्या हाती आहे. तेवढे आपण करावे, एवढीच प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.