राखेतल्या पाच बांगड्या

हातातलं काम चालू ठेवलंत तरी चालेल, भाकरी थापता थापता ऐका. आज बोलायला आम्ही गटातल्या तिघी आलो आहोत, पण बोलणं सगळ्या गटाचं आहे. काय बोलायचं ते मागच्या बैठकीत हप्ते भरून झाल्यावर सगळ्यांनी मिळून ठरवलं. त्यात थोडं भांडणही झालं. तेही सांगू.

आमच्याकडे घरात म्हातारी गेली की तिची लुगडी वाटून घेतात. एखादं लेकीला, एखादं सुनेला. जी विरलेली असतात त्यांची गोधडी होते. आमच्या गटात अशा गोधड्या किती, असं एकदा विचारलं तर जवळजवळ सगळ्यांनी हात वर केले. कोणाची आजीच्या लुगड्याची, कोणाची सासूच्या. एकीने सांगितलं, थंडी असो नसो, ताप आला की मी आईचीच गोधडी घेते. हसू नका, तुमच्यापण घरात असेल.

हे आठवायचं कारण म्हणजे आमची पुण्याची खेप. गेल्या हिवाळ्यात पापड-मसाल्याचा माल घेऊन प्रदर्शनाला गेलो होतो. माल दुपारीच संपला आणि परतीची गाडी संध्याकाळची होती. मग कोणीतरी म्हणालं, नगर रोडला आगाखान पॅलेस आहे, तिथे जाऊन येऊ. आम्हाला वाटलं राजवाडा बघायचा. आत गेल्यावर कळलं की इंग्रजांनी गांधीजींना आणि कस्तुरबांना 1942 च्या ऑगस्टमध्ये पकडून इथेच ठेवलं होतं. एवढी मोठी बाग, एवढे मोठे खांब, पण तुरुंग तो तुरुंगच. कस्तुरबा तिथून जिवंत बाहेर आल्याच नाहीत. गांधीजींचे चिटणीस महादेवभाई देसाई आत आल्यावर आठवड्याभरातच, 15 ऑगस्टला गेले. कस्तुरबा गेल्या 22 फेब्रुवारी 1944 ला, महाशिवरात्रीच्या दिवशी. दोघांच्या समाध्या मागच्या बाजूला शेजारी-शेजारी आहेत. गांधीजींच्या थोड्या अस्थीही तिथे आहेत.

आम्ही तिथे बराच वेळ बसलो. मग तिथल्या माहितीवरून आणि नंतर वाचनालयातून पुस्तकं आणून वाचलं, त्यातलं तुम्हाला सांगतो.

कस्तुरबांना नेताना जी साडी नेसवली ती गांधीजींनी स्वतः कातलेल्या सुताची होती. शेवटी तीच नेसवायची अशी त्यांची इच्छा होती. बघा, नवऱ्याने हाताने कातलेलं सूत, त्याची साडी, आणि ती बाईने याच दिवसासाठी राखून ठेवलेली. चंदनाच्या लाकडाची गोष्ट तर अंगावर काटा आणणारी आहे. गांधीजींनी 1943 च्या फेब्रुवारीत त्याच वाड्यात एकवीस दिवसांचा उपास केला होता. तेव्हा सरकारला वाटलं होतं हे काही वाचत नाहीत. म्हणून चंदन आणून ठेवलं होतं. ते वाचले, आणि वर्षभराने तेच चंदन कस्तुरबांना लागलं. आता तुम्हीच सांगा, कोणाच्या नशिबाचं लाकूड कोणाला लागलं.

वाड्याच्या आवारातच त्यांना अग्नी दिला. बाहेरच्या माणसांना येऊ दिलं नाही, नात्यातली-ओळखीतली शे-दीडशे माणसं तेवढी. नंतर राख सावडायला गेले तेव्हा त्यांच्या हातातल्या काचेच्या पाच बांगड्या राखेत अख्ख्या सापडल्या. तडासुद्धा गेलेला नव्हता.

हे वाचल्यावर बैठकीत एकदम आवाज उठला. निम्म्या जणी म्हणाल्या, बघा, अहेवपणी गेली, सतीसावित्रीचं सौभाग्य, आगीनेसुद्धा हात लावला नाही. त्या वेळीही लोकांनी हेच म्हटलं होतं. निम्म्या म्हणाल्या, काच काही लाकडासारखी जळत नसते, बाजूला पडली तर राहू शकते, त्यात सौभाग्याचं काय. आम्ही दोन्ही बाजू ऐकून घेतल्या. आणि मग आमच्या काकू बोलल्या.

काकू म्हणजे आमच्या गटातल्या वयाने मोठ्या. नाव सांगत नाही, त्यांनीच नको म्हटलं. एरवी बोलत नाहीत, पण हिशेबाची वही त्यांच्याकडे असते आणि एक रुपया चुकत नाही. त्या म्हणाल्या, ‘‘तिच्या बांगड्या आगीतून वाचल्या. माझ्या तर बायांनी दगडाने फोडल्या.’’ त्यांचे मालक गेले तेव्हा त्या पस्तिशीच्या होत्या. दहाव्याला नदीवर नेऊन बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं, जोडवी काढली. मनगटाला काच लागून रक्त आलं होतं. त्या हिरव्या काचेचे दोन तुकडे त्यांनी पदरात बांधून आणले आणि तंबाखूच्या डबीत ठेवले. मालकांचीच डबी. अजून आहे. ती डबी आम्ही कोणी बघितलेली नव्हती, इतकी वर्षं एका गटात बसून. मालकांच्या आठवणीला म्हणून ठेवली का, असं एकीने विचारलं. काकू म्हणाल्या, ‘‘त्यांची आठवण डबी. काच माझी.’’

त्या दिवशी पुढचं काम झालं नाही.

पण आम्ही विषय सोडला नाही. माणूस मोठा असला की मागे राहिलेल्या वस्तूंचं काय होतं, हे आम्ही शोधत गेलो. गांधीजींचंच बघा. 30 जानेवारी 1948 ला दिल्लीत प्रार्थनेला जाताना त्यांना गोळ्या घातल्या. ज्या ठिकाणी ते पडले तिथली माती लोकांनी मूठमूठ उचलून नेली, इतकी की तिथे खड्डा पडला. दुसऱ्या दिवशी लष्कराच्या गाडीवरून त्यांना नेलं. गाडीचं इंजिन चालू नव्हतं. सैनिकांनी दोर लावून ती ओढली. यमुनेच्या काठी लाखो माणसं. अग्नी दिला तो रामदासने, म्हणजे त्यांच्या तिसऱ्या मुलाने. थोरला हरिलाल बापापासून तुटलेला होता, त्याची गोष्ट पुढे येते.

अस्थींचे कलश करून देशभर पाठवले. मोठा कलश अलाहाबादला संगमावर नेला तो खास गाडीने, आणि त्या गाडीला डबे मुद्दाम तिसऱ्या वर्गाचे, कारण ते त्यातूनच फिरायचे. हे आम्हाला फार आवडलं. 12 फेब्रुवारीला ठिकठिकाणी विसर्जन झालं. आपल्याकडे वर्ध्याजवळ पवनारला धाम नदीत विनोबांनी केलं. तिथे दर वर्षी 12 फेब्रुवारीला मेळा भरतो. विनोबांनी सांगितलं, बापूंसाठी काही द्यायचंच असेल तर स्वतः कातलेल्या सुताची एक गुंडी द्या. 640 तारांची. तिला सूतांजली म्हणतात. फुलं वाहायची नाहीत की पैसा टाकायचा नाही. घरी बसून, वेळ काढून, हाताने कातायचं आणि आणून द्यायचं. आम्हाला वाटतं, गेलेल्या माणसाकडून वस्तू घेऊन येण्यापेक्षा हा उलटा रस्ता बरा. आमच्यात कोणाला कातता येत नाही हे खरं, पण शिवता येतं.

सगळे कलश मात्र त्या दिवशी पाण्यात गेले नाहीत. ओडिशात कटकच्या एका बँकेच्या तिजोरीत एका लाकडी पेटीत कलश राहून गेला होता. कितीतरी वर्षं. आपण बँकेत डाग ठेवतो तसा. शेवटी कोर्टात जावं लागलं आणि 30 जानेवारी 1997 ला गांधीजींचे पणतू तुषार गांधी यांनी संगमावर विसर्जन केलं. एका माणसाची राख बाहेर काढायला कोर्टाचा हुकूम! आम्ही वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे मारलेल्या चकरा आठवून आम्हाला हसू आलं, पण हसण्यासारखं नाही ते.

दुसरा थोडा भाग परदेशात एका कुटुंबाने जपून ठेवला होता. त्यांनी तो मुंबईच्या मणिभवनात पाठवला. गांधीजी मुंबईत उतरायचे ते घर, आता संग्रहालय आहे. तिथल्या लोकांना वाटलं काचेच्या कपाटात ठेवावा, लोक दर्शन घेतील. घरच्यांनी सांगितलं, ठेवायचं नाही, पाण्यात सोडायचं. ते त्यांचं ऐकलं. 30 जानेवारी 2008 ला गिरगाव चौपाटीवरून नावेने समुद्रात नेलं. आणि विसर्जन कोणी केलं? नीलमबेन पारीख यांनी. हरिलालच्या मुलीची मुलगी. ज्या थोरल्या मुलाच्या हातून बापाला अग्नी मिळाला नाही, त्याच्या नातीच्या हातून साठ वर्षांनी हे काम झालं. आपल्याकडे बाईने स्मशानात जायचं नाही, सावडायला जायचं नाही, असं सांगतात. तिथे समुद्रात राख सोडणारी बाई होती, आणि म्हातारी बाई होती. आम्ही हे लेकींना मुद्दाम सांगितलं.

विकायला निघालेल्या वस्तूही आहेत. ज्या दिवशी गांधीजी पडले त्या दिवशीची म्हणून रक्ताची चिमूटभर माती आणि गवताच्या काड्या 2012 मध्ये इंग्लंडात लिलावाला आल्या. दहा हजार पौंडांना गेल्या. पुढे त्या आपल्याच एका माणसाने घेऊन देशात आणल्या, हे बरं झालं. तरी आमच्या मनात राहिलं ते वेगळंच. ज्याने ती माती उचलली त्याने विकायला उचलली नसेल. तेव्हा त्याचा जीव तुटला असेल, हात आपोआप खाली गेला असेल. काकूंचा नव्हता का गेला?

दिल्लीला राजघाटासमोर संग्रहालयात गांधीजींच्या अंगावरचे शेवटचे कपडे ठेवले आहेत, रक्ताच्या डागांसह. एक गोळीही आहे. तमिळनाडूत मदुराईलाही रक्ताचं एक वस्त्र आहे. काही जणी म्हणाल्या, असलं काय बघायचं, पाण्यात सोडायला हवं होतं. आम्हा तिघींना तसं वाटत नाही. रक्षा सोडावी, पण तो कपडा राहू द्यावा. पुढच्या पोरांनी म्हणू नये की असं काही झालंच नव्हतं.

कस्तुरबांच्या नावाने मागे राहिलेली एक गोष्ट मात्र काचेच्या कपाटात मावणारी नाही. त्या गेल्यावर देशभर निधी जमवला, 75 लाखांचा नेम धरून, कारण गांधीजींना 2 ऑक्टोबर 1944 ला 75 वर्षं पूर्ण होणार होती. त्याहून जास्तच जमला. गांधीजींनी अट घातली की हा पैसा खेड्यातल्या बायका आणि पोरांसाठीच लागला पाहिजे. त्यातून कस्तुरबा ट्रस्ट झाला. आपल्याकडे सासवडला प्रेमाबाई कंटकांनी ते काम उभं केलं, खेड्यातल्या बायकांना ग्रामसेविका म्हणून शिकवून तयार केलं. त्या काळात गावागावात जाऊन बाळंतपण, स्वच्छता, अक्षर-ओळख सांगणाऱ्या बायका अशा तयार झाल्या. आपण आज गट म्हणून बसतो, सह्या करतो, त्याच्या मागे अशा किती जणी असतील.

आता भांडणाचं. काकूंची डबी बघितल्यावर आमच्यातली एक जण म्हणाली, 2022 च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने ग्रामसभेत ठराव केला ना, की नवरा गेलेल्या बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र-जोडवी काढायची नाहीत. त्यानंतर सरकारनेही बाकीच्या ग्रामपंचायतींना कळवलं. मग आपल्या गावात का नाही? त्यावर दुसरी म्हणाली, रूढी आहे, लोक काय म्हणतील. तिसरी म्हणाली, फोडणाऱ्या कोण असतात? आपणच ना! पुरुष कुठे येतो बांगड्या फोडायला. तिथे आवाज चढले. एक जण रडून उठून गेली, कारण तिने स्वतःच्या जावेच्या बांगड्या फोडल्या होत्या, चार वर्षांपूर्वी. दुसऱ्या दिवशी तिला आणायला आम्ही घरी गेलो. आली.

काकूंना विचारलं, तुम्ही आता बांगड्या घालाल का? त्या म्हणाल्या, ‘‘या वयात हाताला सवय नाही राहिली. पण सुनेच्या हाताला कोणी दगड लावला तर मी मधे बसेन.’’

तर असं ठरलं आहे. 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत आपल्या गावासाठी हा ठराव मांडायचा. त्याआधी बायकांची सभा होते, तिथे आधी मंजूर करून घ्यायचा, म्हणजे ग्रामसभेत कोणाला उडवता येणार नाही. अर्ज काकूंनी लिहिला आहे, अक्षर त्यांचं चांगलं. आतापर्यंत आमच्या गटाच्या सगळ्या आणि शेजारच्या दोन गटांच्या सह्या झाल्या आहेत. पहिली सही त्या जावेची आहे आणि दुसरी तिच्या बांगड्या फोडणारीची. वरच्या आळीतल्या बायांनो, अर्ज शुक्रवारपर्यंत अंगणवाडीत ठेवलेला आहे. अंगठा चालतो. येताना लेकीसुनांना आणा.